चाऊसाकडचे चौदा महिने

मला मँडोलिन बरं वाजवता येतं. चांगलं नाही, बरं. ऐकणाऱ्यांना हा फरक कळत नाही. गावातले लोक देवळात, लग्नात मला आग्रहानं बसवतात आणि माना डोलावतात. मला मात्र तो फरक कळतो, आणि मी बऱ्यापाशीच का अडकलो तेही माहीत आहे. आता सांगायला हरकत नाही. ज्यांना लाज वाटली असती ती माणसं गेली. उरलो मी.

मी नेकनूरच्या कुलकर्ण्याचा धाकटा मुलगा. वतन थोरल्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं, म्हणून मला मौलवीसाहेबांपुढं बसवून उर्दू-फारसी शिकवली. माझं अक्षर सुंदर होतं. निजामाच्या राज्यात सुंदर उर्दू अक्षर म्हणजे नोकरी. विसाव्या वर्षी मी अंबाजोगाईला अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून लागलो. सरकारी कागदात त्या गावाला मोमिनाबाद लिहायचो आणि कचेरीबाहेर पडलो की जोगाई म्हणायचो.

जोगाईला तेव्हा घोडदळाची छावणी होती. तिथल्या बँडात गोव्याकडचा एक किरिस्ताव वाजवणारा होता. संध्याकाळी तो बराकीच्या पायरीवर बसून मँडोलिन वाजवी. फुगीर पोटाचं, आखूड मानेचं ते वाद्य, जोडीजोडीनं लावलेल्या आठ तारा, आणि हातात कासवाच्या पाठीची एक चकती. मी रोज तिथं जाऊन उभा राहू लागलो. त्याला सरकारात पेन्शनीचे अर्ज पाठवायचे होते, ते मी त्याच्या तोंडून ऐकून लिहून देत असे. त्याच्या बदल्यात त्यानं मला पाच चाली शिकवल्या. छावणी हलली तेव्हा दोन वाद्यांपैकी जुनं त्यानं माझ्याकडे ठेवलं. जाताना म्हणाला, "पाच आल्या. सहावीला मास्तर शोध."

सहावीला मास्तर शोधण्यात माझी पुढची आठ वर्षं गेली.

अडचण अशी होती. मँडोलिनच्या तारेला ठोका दिला की आवाज लगेच विझतो. सूर लांबवायचा तर चकती वरखाली भराभर फिरवावी लागते. किरिस्तावाच्या पाच चाली उड्या मारणाऱ्या होत्या, त्यांत हे खपून गेलं. पण मला अभंग वाजवायचा होता, भूप वाजवायचा होता. ठाय, म्हणजे संथ लयीत गेलो की माझं वाजवणं पत्र्यावर गारा पडल्यासारखं व्हायचं. मनगट दगडासारखं होई आणि घटकाभरात खांद्यापर्यंत कळ जाई.

जोगाईला एक सतारीचे उस्ताद होते. मोठं घराणं सांगत. मी वाद्य गुंडाळून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते हातात न घेताच बघितलं आणि विचारलं, "यात मींड कुठं आहे?" तार ओढून एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायचं, ती मींड. मँडोलिनवर ती जवळजवळ नाहीच. ते म्हणाले, "मींड नाही ते वाद्य नव्हे, खेळणं. तरी येत जा. नोकरी कुठं करता?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण मला तो माझ्या कळकळीचा परिणाम वाटला.

उस्तादांच्या आजोबांना मिळालेल्या इनाम जमिनीचा वाद चालू होता. पुढची दोन वर्षं मी त्यांचे अर्ज लिहिले. अर्ज, अर्जाची नक्कल, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र. मी दुपारी जाई, ते दिवाणखान्यात पान लावत बसलेले असत. "आधी एवढं लिहून टाका," म्हणत. लिहून होईपर्यंत कुणी तरी मोठं माणूस येई, आणि मग मी पानाचं तबक फिरवी. दोन वर्षांत मला एक सरगम मिळाली. तीही त्यांनी आतून, दुसऱ्याच शागिर्दाला सांगताना मोठ्यानं म्हटली म्हणून. अर्ज दाखल करून घेतल्याचा हुकूम आला त्या दिवशी त्यांनी माझ्या मनगटाला शागिर्दीचा गंडा बांधला. मी आनंदानं रडलो. गंडा बांधलेल्या हाताचं मनगट तसंच दगडाचं होतं.

मग माझी बदली झाली. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी. त्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या घरांत अजून माणसं राहतात. तिथं माझे सख्खे चुलते होते, त्याच कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात मी आणि माझी बायको राहू लागलो. काका सोवळ्याओवळ्याचे कडक आणि कचेरीत मान असलेले. मँडोलिनला ते "सायबाचं तुणतुणं" म्हणत. घरात ते वाजलेलं त्यांना चालत नसे, म्हणून मी ते कचेरीतच दप्तराच्या खोलीत ठेवत असे आणि दुपारच्या सुट्टीत वाजवत असे.

दप्तराच्या खोलीला लागून खजिना होता. खजिन्यावर अरबांचा पहारा असे. चाऊस म्हणायचे त्यांना सगळे. आमच्या खजिन्यावरचा चाऊस पन्नाशीच्या आसपासचा होता, उंच, हडकुळा, दाढीला मेंदी लावलेला. त्याचा बाप अरबस्तानातून आलेला, पण तो स्वतः आमच्याच जिल्ह्यात जन्मलेला. बायको इथल्याच विणकरांतली. त्यामुळे तो बोले ते आमच्या खेड्यापाड्यातलंच.

एक दिवस मी वाजवत होतो. तो दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ ऐकून म्हणाला, "मुन्शीजी, तुमी तारंला मारता. कावून मारता? तिनं काय केलं?"

मी गंडा बांधलेला माणूस. मी वर न बघता म्हणालो, "तू पहारा कर, बे."

"बरं," म्हणाला आणि गेला. त्यानंतर आठ महिने आम्ही रोज एकमेकांसमोरून जात होतो, तो सलाम करत होता आणि मी मान हलवत होतो.

पुढं कचेरीतल्या चपराश्याच्या मुलीचं लग्न होतं. मी कचेरीतर्फे आहेर घेऊन गेलो. मांडवात अरबांचे ढोल वाजून झाले, जेवणं झाली, माणसं पांगली. मी परत निघालो तर मागच्या अंगणातून एक आवाज आला. कुणी तरी गातंय असं वाटलं, पण शब्द नव्हते. भिंतीवरून डोकावलो. चाऊस खाटेवर बसला होता. मांडीवर एकाच लाकडातून कोरलेलं, वर कातडं ताणलेलं एक लहान वाद्य होतं. हातात पिसाचा देठ. त्याला ते लोक गंबूस म्हणतात. तो अगदी सावकाश वाजवत होता. सूर एकदा सुरू झाला की पाण्याच्या धारेसारखा लांबत जाई. दोन ठोक्यांमधली फट मी शोधत राहिलो आणि मला ती सापडेना.

तीन दिवस मी स्वतःशी झगडलो. चौथ्या दिवशी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"चाऊस, मला तो हात शिकव."

तो माझ्याकडे बघत राहिला. आठ महिन्यांपूर्वी मी काय बोललो ते त्याच्या लक्षात होतं, हे मला दिसलं. पण तो त्याबद्दल काही बोलला नाही.

"तुमचं वाद्य मला येत न्हाई."

"हात तर येतो."

"हात येतो," तो म्हणाला. "मग असं करू. डावा तुमचा तुमी बघा. उजवा मी बघतो."

त्याचा पहारा असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत असे. मग दुसरा चाऊस येई. त्या नमाजापासून सूर्य बुडेपर्यंतचा वेळ त्याचा. आम्ही कचेरीच्या मागं, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एका करंजाखाली बसायचो. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या आठ तारांतल्या सात उतरवायला लावल्या.

"येकच ठिवा. आन वाजवू नका. येक डाव छेडा आन ऐका."

"काय ऐकू?"

"कवा मरतो ते ऐका."

महिनाभर मी एका तारेला एक ठोका देऊन तिचा आवाज विझताना ऐकत होतो. मला राग येई. मी पाच चाली येणारा माणूस, उस्तादाचा शागिर्द, आणि हा मला तार मरताना ऐकायला लावतो. महिन्यानंतर तो म्हणाला, "आता मरायच्या जरा आधी दुसरा द्या. मेल्यावर दिला तर तुटतं. लई आधी दिला तर खडखड व्हती. तेवढी जागा सापडली का बास."

ती जागा सापडायला मला पावसाळा लागला. मनगटाचं त्यानं एका संध्याकाळीच सोडवलं. म्हणाला, "मुन्शीजी, जेवून हात धुता. पंचा सापडत न्हाई. तवा काय करता?"

मी हात झटकून दाखवला.

"आसं. त्यात जोर हाय का? न्हाई. पाणी उडतं का न्हाई?"

इतकी वर्षं मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मी नदीवर जाऊन हात ओला करी आणि झटकी, पुन्हा ओला करी आणि झटकी. त्या दिवशी घरी आल्यावर खांदा दुखत नव्हता.

मग एकेक तार परत चढली. धडे मी एका वहीत उतरवत असे, ठोक्यांच्या खुणा उर्दूत. तो शाळेत गेलेला नव्हता, पण कुराण वाचता येण्याइतकी अक्षरं त्याला ओळखता येत. माझ्या वहीवर बोट फिरवून म्हणायचा, "काय लिवता तुमी. येकेक अक्षर मोत्यावानी."

धडा झाला की तो काहवा करी, सुंठ घातलेला, काळा. पहिले काही दिवस मी नको म्हणत होतो. मग एकदा घेतला. मग रोज घेऊ लागलो. शिकवणीबद्दल त्यानं माझ्याकडून कधीच काही घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "माझा बाप गेल्यापासनं ह्या हाताकडं कुणी बघितलं न्हवतं. तुमी बघता. काय द्यायचं राहिलं?"

एक गोष्ट इथंच लिहून टाकतो. तो मला 'तुमी' म्हणत होता आणि मी त्याला 'तू' म्हणत होतो. तो माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा होता आणि मी त्याच्याकडून शिकत होतो. कचेरीतले सगळे कारकून चाऊसाला 'तू' म्हणत, म्हणून मीही म्हणत होतो. चौदा महिन्यांत ते मला एकदाही खटकलं नाही.

वर्ष उलटल्यावर मी अभंगाची एक ठाय लयीतली चाल पहिल्यांदा सबंध वाजवली. काका तेव्हा यात्रेला गेले होते, म्हणून मी वाद्य घरी आणलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. ती कधी बसत नसे. झाल्यावर म्हणाली, "आज तुम्ही भांडल्यासारखं वाजवलं नाहीत." मला उस्तादाच्या गंड्यानं झाला नव्हता इतका आनंद झाला.

मग देशमुखांच्या घरी एका समारंभात मला बोलावणं आलं. मी वाजवलं. लोक शांत बसून ऐकत होते. संपल्यावर देशमुखांनी विचारलं, "तालीम कुणाची?"

मी म्हणालो, "जोगाईच्या उस्तादांची." आणि मनगटावरचा मळका धागा पुढं केला.

दुसऱ्या दिवशी चाऊसाला ते कळलेलं होतं. तो देठ तासत बसला होता. म्हणाला, "जोगाईवाल्यांचं नाव सांगितलं म्हनं तुमी."

"लोकांना ते नाव ठाऊक आहे, म्हणून..."

"बरं केलं," तो हसून म्हणाला. "माझं सांगितलं असतं तर सतरंजीवरनं उठिवलं असतं तुमाला."

तो हसला म्हणून माझं ओझं उतरलं. माणूस हसला म्हणजे त्याला लागलं नाही, असं मी धरून चाललो. धरून चालणं सोयीचं होतं.

काका यात्रेहून परत आले, आणि महिनाभरातच त्यांना कुणी तरी सांगितलं की तुमचा पुतण्या रोज संध्याकाळी चाऊसाच्या हातचं पितो. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ते अंगरखा घालून थेट पेशकाराकडे गेले. पेशकार म्हणजे आमच्या कचेरीतला मुख्य कारकून, एकेकाळी काकांच्या हाताखाली शिकलेला.

दुसऱ्या दिवशी पेशकारानं मला बोलावलं. बसायला सांगितलं.

"तुमचे काका आले होते. वडीलधारं माणूस. त्यांचा शब्द राखायला पाहिजे."

मी मान खाली घालून बसलो.

"तुमची बदली करता आली असती. पण तुमच्यासारखं अक्षर मला कुठं मिळणार? तेव्हा त्या चाऊसालाच हलवू. तुमची काही हरकत?"

"माझी काय हरकत असणार," मी म्हणालो.

"दोस्ती आहे म्हणतात."

"तसं काही नाही. तोंडओळख."

"मग घ्या कागद. चाऊसांच्या जमादाराला लिहायचंय." पेशकार तोंडानं सांगू लागला आणि मी लिहू लागलो. मायना झाला, खजिन्याचं नाव झालं, चाऊसाचं नाव झालं. मग पेशकार थांबला. "कारण काय घालावं? असं लिहा. पहारा सोडून वाद्य वाजवत बसतो, सबब खजिन्याला धोका आहे, दूरच्या ठिकाणी बदलावा."

चाऊसानं पहाऱ्यावर असताना गंबुसाला कधी हात लावला नव्हता. दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय तो खजिन्याच्या पायरीवरून उतरतसुद्धा नसे. हे त्या कचेरीत माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्याची वाट बघत करंजाखाली मीच बसलेला असे. एक वाक्य बोलायचं होतं. पेशकार वाईट माणूस नव्हता, कदाचित त्यानं दुसरं कारण घातलंही असतं. पण मग तो विचारणार होता, तुम्हाला कसं ठाऊक? आणि आत्ताच मी तोंडओळख म्हणालो होतो.

मी लिहिलं. घाईत नाही, सावकाश. अक्षर नेहमीसारखं आलं. पेशकारानं कागद उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाला, "वा."

नंतरचे आठ दिवस मी शिकायला जात होतो. हे सांगायला सगळ्यात अवघड जातं. मला वाटलं, जमादार बीडला बसतो, कागद तिथं पडून राहील. आणि शिवाय मला एक अवघड जागा सोडवून घ्यायची होती. वरच्या जोडीवरून खालच्या जोडीवर जाताना धार तुटत होती, ते त्याच आठवड्यात दुरुस्त होणार होतं. तोही बिचारा जीव ओतून सांगत होता.

नवव्या दिवशी मी करंजाखाली गेलो तर तो आधीच येऊन उभा होता. गंबूस नव्हतं. हातात कागद होता. जमादारानं हुकुमाबरोबर आमच्या कचेरीचा मूळ कागदही त्याच्या तोंडावर फेकला होता.

"मुन्शीजी, हे वाचा."

मी कागद घेतला नाही.

"मला थोडं थोडं लागतं," तो म्हणाला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागला. "हे माझं नाव. हे 'पहारा'. हे 'छोडकर'." मग त्यानं बोट उचललं. "तुमी लिवलं."

"पेशकारांनी सांगितलं."

"सांगितलं कुणी ते मी इचारलं न्हाई."

पलीकडे नदीत बायका धुणं आपटत होत्या. त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"अक्षर चांगलं हाय," म्हणाला आणि गेला.

त्याला लिंगसुगूरला पाठवलं, पार रायचूरकडे, कानडी मुलखात. आठवड्याभरानं त्याची गाडी निघाली तेव्हा मी कचेरीच्या खिडकीतून बघितली. गाडीत बायको होती, मुलगी होती, ट्रंका होत्या. मी खाली उतरलो नाही. त्या दिवशी कचेरीत काम फार होतं असं नाही.

काकांनी मला घरी बसवून पंचगव्य दिलं. मी ते प्यालो. बायकोनं त्या रात्री एवढंच विचारलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी म्हणालो, झोप आता. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी वाजवताना पुन्हा कधी दारात येऊन बसली नाही.

मग पुन्हा शोध. जोगाईचे उस्ताद आता भेटेल त्याला सांगत की देशमुखांकडे वाजवणारा तो माझाच शागिर्द. त्यांना मी एकदा भेटलो, तर त्यांनी नवा अर्ज पुढं ठेवला. औरंगाबादेला बायस्कोपच्या पडद्यापुढं बसून मँडोलिन वाजवणारा एक माणूस आहे असं कळलं. रजा काढून गेलो. हात फार जलद होता त्याचा. त्यानं मला वाजवायला लावलं, माझ्या मनगटाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला, "हे कुणी शिकवलं?"

"एका चाऊसानं," मी म्हणालो. पहिल्यांदा खरं बोललो, तेही अशा गावात जिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

"मग माझ्याकडे कशाला आलात? हा हात मला येत नाही. त्याच्याकडेच जा."

जायला मला तीन वर्षं लागली. काका वारले, त्यानंतर गेलो. बैलगाडीनं बार्शी, तिथून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, मग रायचूरची गाडी, पुढं पुन्हा बैलगाडी. सहाव्या दिवशी लिंगसुगूरच्या खजिन्यापाशी पोचलो.

तो पायरीवर बसला होता. दाढीची मेंदी गेली होती, सगळी पांढरी. मला बघून उठला, सलाम केला. "या मुन्शीजी." दुसरा माणूस पहाऱ्यावर येईपर्यंत मला थांबायला सांगितलं आणि मग घरी नेलं. एक खोली, पुढं छपरी. बायको आणि मुलगी आत होत्या. मी मुलीच्या लग्नाचं विचारलं.

"तिचं तिकडंच ठरलं व्हतं," तो म्हणाला. "पहारा सोडला म्हून शिकायत झाली, हे सोयऱ्यांच्या कानावर गेलं. मोडलं. आता इथं कोण वळखतंय आमाला."

त्यानं काहवा केला. सुंठ तीच. मी कप खाली ठेवून म्हणालो, "चाऊस, मी माफी मागायला आलोय. तुमची."

पहिल्यांदा मी 'तुमची' म्हणालो. त्यानं ते ऐकलं की नाही कळलं नाही. तो माझ्या मागं, भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गुंडाळीकडे बघत होता.

"तुमी शिकायला आलात, मुन्शीजी," तो शांतपणे म्हणाला. "माफी वाटंत सुचली."

मला खोटं बोलता आलं नाही, कारण वाद्य तिथंच होतं. सहा दिवसांच्या वाटेत मी ते मांडीवर घेऊन आलो होतो.

"काढा," तो म्हणाला. "वाजवा."

मी वाजवलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. बरंच जमलं. संपल्यावर त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "परत मारायला लागलात."

मी थांबलो. मला वाटलं, आता तो पुढं सरकेल, माझं मनगट धरेल, तारा उतरवायला सांगेल. त्याचा हात मांडीवरून उचलला गेल्यासारखा मला दिसला. त्यानं कप उचलले आणि ते धुवायला बाहेर गेला.

परत आल्यावर मी विचारलं, "गंबूस कुठं आहे?"

"जमादारानं जमा केलं. वाजिवतो अशी शिकायत व्हती ना." त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. "बापाचं व्हतं ते. मागितलं मी दोन डाव. मग सोडून दिलं."

मी त्या रात्री तिथंच छपरीत झोपलो. सकाळी त्यानं माझ्यासाठी गाडी ठरवून दिली, वाटेसाठी खजूर बांधून दिला आणि गाडी वळेपर्यंत उभा राहिला. कुठंही त्यानं माझा अपमान केला नाही. केला असता तर मला परतीची वाट सोपी गेली असती.

बार्शीच्या छोट्या गाडीत बसलो, वाद्य मांडीवर होतं, आणि कुठल्याशा स्टेशनात गाडी बराच वेळ उभी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मी तिथं ठेवून यायला हवं होतं. त्याच्या हातात वाद्य नव्हतं, माझ्याकडे होतं. तारा होत्या, चकती होती. इतकी वर्षं त्या हातानं काही धरलं नव्हतं. मी त्याच्यापुढं बसून वाजवलं, पुन्हा कापडात गुंडाळलं आणि परत घेऊन आलो. ठेवावं असं मनातसुद्धा आलं नाही.

नंतर पाठवता आलं असतं. पार्सल जात होती, पत्ता ठाऊक होता. मी दोनदा वाद्य बांधायला काढलं. दोन्ही वेळा म्हटलं, थोडं वाजवून मग बांधू.

दोन वर्षांनी लिंगसुगूरच्या एका कारकुनाकडून कळलं की चाऊस नोकरी सोडून बायको-मुलीला घेऊन हैदराबादेला गेला, कुठल्या मोहल्ल्यात ते त्याला माहीत नव्हतं. मी हैदराबादेला कामानिमित्त चार वेळा गेलो. एकदा अरबांच्या वस्तीपर्यंत जाऊन दुकानात विचारलंसुद्धा. दुकानदारानं विचारलं, "नाव काय त्यांचं?" मी नाव सांगितलं. ते नाव मला नीट लिहिता येत होतं. त्यानं मान हलवली, म्हणाला, या नावाचे इथं पन्नास असतील, ओळख काय सांगता?

मी म्हणालो, वाजवतात. तो म्हणाला, इथं तर कुणी वाजवत नाही.

मग मी कुणाकडे शिकायला गेलो नाही. वरच्या जोडीवरून खालच्या जोडीवर जाताना माझी धार अजून तुटते. देवळात बसलेल्यांना ते ऐकू येत नाही.